‘शेवटचं सांगा’ म्हणण्याआधी

घर घेताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी शाळेत शिक्षिका आहे, मिस्टर खासगी कंपनीत आहेत. कर्वेनगरला भाड्याने राहतो. वारज्यात एक टू बीएचके आवडला आहे. इमारत २००६ ची, तिसरा मजला, लिफ्ट आहे, कार्पेट ६१० चौरस फूट, खाली पार्किंग. मालक निवृत्त काका आहेत. काकू मागेच गेल्या. मुलगा बंगळुरूला, मुलगी अमेरिकेत. काका आता मुलाकडे राहायला जाणार. फ्लॅट काका-काकू दोघांच्या नावावर होता. ७२ लाख सांगतात. एजंट म्हणतो, ‘थोडंफार टेबलवर होऊन जाईल, पण दुसरी पार्टी ७१ ला तयार आहे. आजच ५१ हजार टोकन देऊन ठेवा.’ आमच्याकडे सगळं मिळून २१ लाख आहेत, बाकी कर्ज. सासरे म्हणतात, ५५ पासून सुरुवात करा. मिस्टर म्हणतात, काका भला माणूस आहे, आपल्याला चहा पाजला, उगाच घासाघीस कशाला, ७१ ला घेऊन टाकू. मला दोन्ही पटत नाही. किती बोलावं आणि कसं बोलावं?
— एक वाचक, कर्वेनगर, पुणे

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात : ‘फ्लॅट काका-काकू दोघांच्या नावावर होता.’ त्याकडे येतेच. पण तुम्ही आकडा विचारलाय, तर आधी आकडा.

एजंटचे ७२ आणि सासऱ्यांचे ५५ तूर्त बाजूला ठेवा. आधी तुमचा स्वतःचा वरचा आकडा काढा. ३० लाखांच्या वरच्या आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. त्या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरत नाहीत, ते तुमच्या खिशातून. म्हणजे स्वतःचे २० टक्के, पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के (मेट्रोचा अधिभार धरून) आणि एजंटचा १ टक्का, झाले २८. ७१ लाखांवर ते १९ लाख ८८ हजार होतात. वर नोंदणी फी ३० हजार, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क २५ हजार (महापालिका हद्दीत याहून जास्त घेता येत नाही, ‘डोनेशन’ म्हणून मागितलं तरी नाही), आणि वकील, सर्च रिपोर्ट, बँकेची प्रोसेसिंग फी, गहाणाचा स्टॅम्प मिळून ५० हजार तरी धरा. बेरीज २० लाख ९३ हजार. मिस्टरांचं ऐकून ७१ ला घेतलंत तर किल्ली हातात येईल तेव्हा तुमच्याकडे सात हजार उरलेले असतील. ते टेम्पो आणि हमालांतच जातील.

हाच हिशोब ६७ लाखांवर केला तर १९ लाख ८१ हजार लागतात, सव्वा लाखाच्या आसपास हातात राहतात. म्हणून ६७ हा तुमचा वरचा आकडा. तो एजंटला कळता कामा नये. मिस्टरांनाही सांगून ठेवा की चहा पिताना तो तोंडातून निसटायचा नाही.

एक सवलत बघून ठेवा. घर फक्त तुमच्या, म्हणजे स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्क १ टक्का कमी लागतं. दोघांच्या नावावर घेतलं तर ही सवलत नाही. ६७ लाखांवर ६७ हजार वाचतात. मिस्टर सहकर्जदार राहू शकतात. मालक नसल्यामुळे व्याजावरची आयकराची वजावट त्यांना मिळणार नाही, पण ते नव्या करप्रणालीत असतील तर स्वतः राहत्या घरासाठी ती वजावट तशीही नाही. सासऱ्यांसमोर हा विषय कसा काढायचा, ते मात्र या सदरात बसत नाही.

आता मिस्टरांच्या भिडेबद्दल. ७१ आणि ६७ मध्ये फरक चार लाखांचा. त्यातले ८० हजार तुमच्या शिलकीतले आणि ३ लाख २० हजार कर्जाचे; वर मुद्रांक शुल्काचे २८ हजार वेगळे. व्याज साडेआठ टक्के आणि मुदत २० वर्षं धरली तर लाखाला हप्ता साधारण ८६८ रुपये येतो. म्हणजे महिन्याला पावणेतीन हजारांहून थोडं जास्त, आणि २० वर्षांत ६ लाख ६६ हजार. सगळं मिळून पावणेआठ लाखांच्या घरात. एवढा महाग चहा मी तरी प्यायले नाही.

पण भाव मागायला कारण लागतं. नुसतं ‘काहीतरी कमी करा’ म्हटलं की समोरचा पन्नास हजार कमी करतो आणि दोघांचंही समाधान होतं. कारणं कुठून आणायची? पहिलं नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून. तिथे ई-सर्चमध्ये गाव आणि मिळकत क्रमांक टाकून त्या इमारतीत झालेल्या व्यवहारांच्या सूची क्रमांक २ बघता येतात. आपण ज्याला ‘इंडेक्स टू’ म्हणतो ती. त्यात क्रमांक २ ला ‘मोबदला’ असतो, ३ ला ‘बाजारभाव’, ५ ला ‘क्षेत्रफळ’, १० ला दस्त नोंदणीची तारीख. मोबदला म्हणजे कागदावर ठरलेली किंमत. बाजारभाव म्हणजे सरकारी दरपत्रकाप्रमाणे, म्हणजे रेडी रेकनरप्रमाणे काढलेली. लोक घाईत बाजारभावाचाच आकडा उतरवून आणतात आणि बैठकीत हसं होतं. क्षेत्रफळही नीट वाचा : कार्पेट (भिंतींच्या आतलं, वापरायचं) आहे की बिल्टअप (भिंती धरून), गच्ची धरलीय की नाही. याच इमारतीत गेल्या दीड-दोन वर्षांत झालेले दोन-तीन व्यवहार मिळाले, तर मोबदल्याला कार्पेटने भागा आणि एका कागदावर लिहून न्या. कुणाचं नाव घ्यायची गरज नाही. ‘दुसऱ्या मजल्यावरचा अमुक दराने गेलाय’ एवढं पुरतं.

रेडी रेकनर आणखी एका कारणासाठी बघायचा. मोबदला आणि सरकारी बाजारभाव यांत जो जास्त, त्यावर मुद्रांक शुल्क लागतं. आणि सरकारी भाव तुमच्या ठरलेल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त निघाला तर फरकाची रक्कम तुमचं उत्पन्न धरून आयकर लागू शकतो. जुन्या इमारतीला वयाप्रमाणे घट मिळते, ती वजा करून वकिलाकडून आकडा काढून घ्या. सासऱ्यांच्या ५५ ची शहानिशा तिथेच होईल.

दुसरं कारण इमारतीचं वय. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट (बांधकामाच्या मजबुतीची तपासणी) व्हायला हवं. तुमची इमारत त्यात बसते. सेक्रेटरींकडे अहवाल आणि मागच्या दोन वार्षिक सभांचं इतिवृत्त मागा. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, लिफ्ट बदलणं, बाहेरचा रंग यांसाठी प्रत्येक फ्लॅटमागे वर्गणी ठरली असेल तर ती कोण भरणार हे आत्ताच ठरतं, आणि ठरली नसेल पण काम डोक्यावर असेल तर तोच तुमचा मुद्दा. फ्लॅटमध्ये संडास-बाथरूमच्या मागची भिंत बाहेरच्या बाजूने हात लावून बघा. नवा रंग फक्त एकाच भिंतीला दिलेला दिसला तर त्या भिंतीला का, ते विचारा.

पार्किंगचे वेगळे दोन-तीन लाख भावात धरलेत का तेही विचारा. इमारतीखालचं पार्किंग बिल्डरला सुटं विकता येत नाही, ते सोसायटीच्या सामाईक जागेत येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं आहे. तेव्हा काकांनी ‘पार्किंग विकत घेतलंय’ म्हटलं तरी सोसायटीने ती जागा त्यांना दिल्याचं पत्र बघा आणि तुम्हालाही ती मिळेल का, हे सेक्रेटरींकडून लेखी घ्या.

आणि आता ते वाक्य. काकू गेल्या, त्यांच्या हिश्श्याला काका, मुलगा आणि मुलगी असे तीन वारस आहेत (काकूंनी मृत्युपत्र केलं नसेल असं धरते). सोसायटीत काका नॉमिनी असले, भाग दाखल्यावर आता त्यांचं एकट्याचं नाव चढलेलं असलं, तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. काका एकटे सही करून हा फ्लॅट तुम्हाला विकू शकत नाहीत. बँकेचे वकील हे पहिल्या दहा मिनिटांत काढतात. बँकेच्या कर्ज विभागात असताना मी या एका मुद्द्यावर ठरलेले व्यवहार महिनोन् महिने रखडलेले पाहिलेत. मुलाने आणि मुलीने काकांच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलं की कागद सरळ होतो. मुलगी अमेरिकेत, म्हणजे एकतर ती आल्यावर, नाहीतर तिने तिथून रीतसर साक्षांकित करून पाठवलेल्या कुलमुखत्यारपत्रावर. हे साठेखताच्या (विक्रीच्या कराराच्या) आधी व्हायला हवं. ती विक्रेती म्हणून सही करायला बसली तर परदेशस्थ विक्रेत्याचे टीडीएसचे (पैसे देतानाच कापायच्या आयकराचे) वेगळे नियम लागू होतात आणि तुमचं काम वाढतं.

यात तुमचा फायदा कुठे? ७१ वाली पार्टी खरी असेल तर तिलाही हेच कागद लागणार आहेत, आणि एजंटने बहुतेक त्यांना हे सांगितलेलं नाही. तुम्ही पहिल्याच बैठकीत ते शांतपणे मांडलंत, ‘काका, आम्ही थांबतो, तेवढ्यात अमेरिकेतल्या ताईंचे कागद येऊ द्या’ असं म्हणालात, तर तुम्ही त्यांच्या डोक्यावरचं ओझं कमी करणारे लोक झालात. काकांना बंगळुरूहून पुन्हा पुन्हा खेपा नको आहेत. त्यांना मोठं कपाट, गाद्या, जुना फ्रीज यांचं काय करायचं हा प्रश्न आहे. ‘सामान न्यायचं ते न्या, बाकी आम्ही बघतो’ हे वाक्य कधी कधी लाखभर रुपयांचं काम करतं. भाव नुसत्या आकड्यावर ठरत नाही. कागद केव्हा, पैसे केव्हा आणि किल्ली केव्हा यावर ठरतो.

बैठकीला जाण्याआधी बँकेकडून कर्जमंजुरीचं पत्र घ्या. अमुक घरासाठी नव्हे, तुमच्या पगारावर किती मिळेल याचं. ते सोबत न्या. कर्जाचं पक्कं नसलेला ६९ वाला आणि मंजुरीपत्र हातात असलेला ६६ वाला यांत शहाणा विक्रेता दुसरा निवडतो. मंजुरीपत्रावरची रक्कम मात्र झाकून दाखवा, नाहीतर तुम्ही कुठवर जाऊ शकता ते समोर उघडं पडेल.

सुरुवात ६३ ला करा. ५५ म्हणालात तर काका चहा देतील, पण पुढचं बोलणार नाहीत. ६३ म्हणताना दराचा कागद पुढे ठेवा, ऑडिटचा मुद्दा सांगा, आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणं आपल्या लोकांना फार जड जातं. आकडा बोलून झाला की लगेच ‘तसं आम्ही थोडं वर बघू शकतो’ अशी शेपटी जोडली जाते. ती जोडायची नाही. काका ७० म्हणतील, एजंट ‘मध्ये या, मध्ये या’ करेल. तुम्ही ६५ वर जा, मग ६६ वर, मग साडेसहासष्ट. प्रत्येक वेळी पाऊल आधीपेक्षा छोटं. पावलं लहान होत गेली की समोरच्याला न सांगताच कळतं की तळ जवळ आलाय. बोलायचं एकानेच, आणि ते तुम्ही. सासऱ्यांना न्यायचं असेल तर अवश्य न्या, पण त्यांनी शेवटी ‘सूनबाईच बघतेय सगळं’ एवढंच म्हणावं.

दुसऱ्या पार्टीचं काय? दुसरी पार्टी प्रत्येक व्यवहारात असते. कधी ती खरीही असते. एजंटला सांगा, ‘त्यांना ७१ ला जमत असेल तर आनंद आहे. आमचा आकडा रविवारपर्यंत कायम आहे.’ एजंटवर चिडू नका. तुम्ही चार लाख पाडलेत तर एका बाजूच्या एक टक्क्याने त्याचे चार हजार जातात. व्यवहारच मोडला तर सगळंच जातं. त्याला भावापेक्षा तारीख हवी असते. तारीख द्या, तोच काकांना समजावेल.

आज ५१ हजार देऊ नका. भाव ठरल्यावरच द्या, आणि तेही चेकने किंवा खात्यातून, विसार (आगाऊ रक्कम) पावतीवर. पावतीत एकूण किंमत, फ्लॅटचं वर्णन, पार्किंग, हक्कसोडपत्र किती तारखेपर्यंत, साठेखत त्यानंतर किती दिवसांत, वर्गणी आणि थकबाकी कुणाची, हे सगळं हवं. आणि एक वाक्य हवंच : मालकीत दोष निघाला किंवा बँकेने मिळकतीच्या कारणावरून कर्ज नाकारलं तर विसाराची पूर्ण रक्कम परत. सही काकांची आणि मुलाचीही. मुलीकडून निदान संमतीचा ईमेल. तसंच, किंमत ५० लाखांवर असल्याने १ टक्का टीडीएस कापून तो तुम्ही सरकारात भरायचा असतो; ६७ लाखांवर ६७ हजार. हे बैठकीतच सांगा, कारण शेवटच्या दिवशी चेक ‘कमी’ दिसला की भल्या माणसांचाही आवाज चढतो.

साडेसहासष्ट-सदुसष्टच्या दरम्यान हे घर मिळावं असं मला वाटतं. ६९ वर अडलं तर उठा. वारज्यात २००६ च्या इमारती एकच नाही.

प्रश्न : नाशिकमध्ये ४८ लाखांत फ्लॅट ठरतोय. मालक म्हणतात, ३८ चा करार करू, १० लाख रोख द्या, तुमचीही स्टॅम्प ड्युटी वाचेल. माझा हा पहिलाच व्यवहार. नाही म्हटलं तर घर हातचं जाईल का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : वाचणाऱ्या स्टॅम्प ड्युटीचा हिशोब करा. नाशिकला ६ टक्के धरले तर १० लाखांवर ६० हजार. आता कर्ज बघा. बँक करारावरच्या किमतीवर कर्ज देते. ४८ वर ८० टक्के म्हणजे ३८ लाख ४० हजार. ३८ वर ३० लाख ४० हजार. ६० हजार वाचवण्यासाठी तुम्हाला आठ लाख रोकड जास्त उभी करायची आहे. शिवाय सरकारी बाजारभाव ३८ च्या वर असला तर तेवढीही वाचत नाही.

पुढचं नुकसान तर विकताना कळतं. उद्या तुम्ही हा फ्लॅट विकाल तेव्हा तुमची खरेदी किंमत कागदावर ३८ असेल आणि आज दुसऱ्याने खिशात घातलेल्या दहा लाखांच्या नफ्यावर कर तुम्ही भराल. व्यवहार मधेच मोडला तर त्या दहा लाखांचा पुरावा काय? मालकांच्या कानावर हेही घाला : स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रक्कम रोख घेता येत नाही, आणि घेतली तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

पण मला विचाराल तर इथे भांडू नका, बोलणी करा. मालकांना रोख का हवी? कर वाचवायला. फ्लॅट दोन वर्षांहून जास्त काळ त्यांच्याकडे असेल तर नफ्यावर कर १२.५ टक्के, म्हणजे दहा लाखांवर सव्वा लाख आणि वर थोडा उपकर. जुलै २०२४ च्या आधी घेतलेला असेल तर महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्यायही त्यांना आहे, आणि कधी कधी त्यात कर आणखी कमी येतो. विक्रीनंतर दोन वर्षांत नफ्याची रक्कम दुसऱ्या घरात घातली तर बहुतेक वेळा करच नाही. तेव्हा त्यांच्या सीएसमोर बसून खरा आकडा काढायला सांगा. रोखीच्या आग्रहामागे बरेचदा आकडा नसतो, ‘सगळेच घेतात’ एवढंच असतं. खरोखर सव्वा लाख बसत असतील तर ४८ च्या जागी ४८ लाख ५० हजार, सगळे चेकने, असं बोलून बघा. पन्नास हजार जास्त देऊन तुम्ही तरीही फायद्यात आहात. त्यालाही नाही म्हणाले तर घर जाऊ द्या.

प्रश्न : दरवाजा दक्षिणेला आहे म्हणून मालक स्वतःहून तीन लाख कमी करतोय. आमचा विश्वास नाही, पण आईचा आहे. घ्यावं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : विश्वास नसेल तर तीन लाखांची सूट आनंदाने घ्या. फक्त हे लक्षात ठेवा की तुम्ही विकायला काढाल तेव्हा समोरच्यांचाही विश्वास असणार आणि ते तुमच्याकडून तीन नव्हे, पाच मागतील. कायमचं राहायचं असेल तर मालकाने दिलेल्या तिनावर न थांबता अजून एक मागा. गिऱ्हाईकं परत जाताना त्याने पाहिलेली आहेत. आईंचा प्रश्न वेगळा. त्या या घरात राहणार असतील तर त्यांच्या मनाविरुद्ध घेतलेलं घर रोज ऐकावं लागतं. त्यांना घर दाखवा, पण पितृपक्षात नको, एवढंच.

पितृपक्षावरून आठवलं. ज्यांच्या घरात हे पाळत नाहीत त्यांनी भाद्रपद वद्यातच घरं बघायला बाहेर पडावं. साइट ऑफिसं ओस असतात, सेल्सवाल्या मुलांकडे वेळ असतो, आणि नवरात्रात जाहीर होणारी दसऱ्याची ऑफर त्यांच्या खिशात तयार असते. ‘तीच आज द्या’ म्हणून बघा. शिवाय अजून पाऊस संपलेला नसतो, त्यामुळे गळणारं घर स्वतःच सांगतं.

प्रश्न : कल्याणला नव्या प्रकल्पात ५८ लाखांचा फ्लॅट बुक करतोय, ताबा दीड वर्षाने. दर कमी करा म्हटलं तर ऑफिसमधली मॅडम हसून ‘सर, रेट फिक्स आहे’ म्हणते, पण मॉड्युलर किचन आणि दोन एसी फुकट देऊ म्हणते. बिल्डरशी घासाघीस होतच नाही का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : होते, पण दरावर क्वचित होते आणि त्याला कारण आहे. मघाशी ज्या सूची क्रमांक २ बद्दल लिहिलं, ती बिल्डरलाही ठाऊक आहे. तुमच्या दस्तात दर कमी पडला तर पुढचा ग्राहक तोच कागद घेऊन येईल. म्हणून तो दर सोडत नाही, बाकीचं सोडतो. मग बाकीचं मागा, पण एसीच्या रूपात नको. एसी त्याला घाऊक भावात पडतात आणि तुम्हाला छापील किमतीने मोजून दाखवले जातात. किचन तुमच्या ओट्याच्या मापाचं येईल याचीही खात्री नाही. त्यांना म्हणा, ‘हे काढा आणि तेवढी रक्कम मुद्रांक शुल्कात द्या.’

आधी कागदावर एकच आकडा मागा, सगळं धरून : मूळ किंमत, फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचे जादा पैसे), पार्किंग, क्लब हाउस, मुद्रांक शुल्क, नोंदणी, जीएसटी, आगाऊ मेंटेनन्स, ‘लीगल चार्जेस’ या नावाखाली जे काही असेल ते. ४५ लाखांच्या वरच्या बांधकाम चालू असलेल्या घराला जीएसटी ५ टक्के लागतो. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला तयार असल्याचा पालिकेचा दाखला) आल्यावर विकल्या जाणाऱ्या घराला लागत नाही. ५८ लाखांवर हे दोन लाख ९० हजार आहेत. त्याच भागातलं तयार, प्रमाणपत्र मिळालेलं घर दोन लाखांनी महाग दिसत असेल तर तेच स्वस्त आहे, हे लोकांच्या लक्षात येत नाही. तो एकूण आकडा रेरा (बांधकाम व्यवसायावरचा कायदा) प्रमाणे दाखवलेल्या कार्पेटने भागा आणि दोन प्रकल्पांची तुलना त्या दराने करा, जाहिरातीतल्या दराने नको.

यात सुटण्यासारखं काय असतं? फ्लोअर राइज, क्लब हाउस, लीगल चार्जेस; या सगळ्याला बिल्डरचा खर्च फार थोडा असतो. पैसे भरण्याचे टप्पे हेही मोठं हत्यार आहे. बांधकामाच्या प्रगतीप्रमाणे हप्ते आणि शेवटचा मोठा हप्ता ताब्याला, एवढं मिळालं तरी तुमचं व्याज आणि भाडं एकाच वेळी जाणारे महिने कमी होतात. महिन्याचा शेवटचा आठवडा आणि मार्च यांत त्या मॅडमनाही टार्गेट असतं, तेव्हा फोन तुम्ही करू नका, त्यांचा येऊ द्या.

आणि बुकिंगला १० टक्क्यांहून जास्त मागत असतील तर थांबा. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांवर रक्कम घेता येत नाही, हे रेरा कायद्यात स्पष्ट आहे. ५८ लाखांवर ५ लाख ८० हजार. त्यांनी पाडव्याच्या ऑफरसाठी १५ लाख आधी भरायला सांगितलं, तर आधी करारनाम्याची तारीख द्या म्हणावं.

प्रश्न : ठाण्यात जुन्या इमारतीत फ्लॅट ठरवून एक लाख टोकन ऑनलाइन पाठवलं. पावती नाही, मालकाचा ‘एक लाख मिळाले, व्यवहार पक्का’ असा मेसेज आहे. बँकेने भोगवटा प्रमाणपत्र नाही म्हणून कर्ज नाकारलं. आता मालक म्हणतो, तुम्ही माघार घेतलीत, टोकन परत नाही.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : माघार तुम्ही घेतलेली नाही, मिळकतीचा कागद अपुरा आहे. तुमची बाजू भक्कम आहे, पण ती कागदावर आणायला हवी. तो मेसेज आणि बँक खात्याचा उतारा जपून ठेवा. मालकाने विकताना ‘सगळे कागद क्लिअर आहेत’ असं कुठे लिहिलं असेल, जाहिरातीत किंवा एजंटच्या मेसेजमध्ये, तर तेही. आधी एकदा साधं पत्र स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा : कर्ज या कारणाने नाकारलं गेलं, पंधरा दिवसांत रक्कम परत करा. आवाज चढवू नका. बरेच मालक दुसरं गिऱ्हाईक मिळालं की गुपचूप पैसे देतात. नाही दिले तर वकिलाची नोटीस. आणि हे सगळं करण्याआधी बँकेत जा, नकाराचं कारण बँकेच्या लेटरहेडवर लेखी मागा. ‘सिस्टिममध्ये रिजेक्ट झालंय’ एवढ्यावर परत येऊ नका. शाखेत टाळाटाळ झाली तर बँकेच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.